फोन म्हणतोय अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतोय, पण सापडत काहीच नाही

गारवेल

हा धागा नक्की कुठल्या विभागात काढायचा कळेना म्हणून इथेच टाकतेय, अ‍ॅडमिनना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

माझा फोन अँड्रॉइड आहे. संध्याकाळी घरी पोचल्यावर नोटिफिकेशन दिसलं की तुमच्यासोबत अनोळखी ट्रॅकर फिरतोय, एअरटॅग आहे म्हणे (अ‍ॅपलचा तो किल्ली-बॅग हरवली तर शोधायला लावतात तो छोटा गोल टॅग). टॅप केलं तर नकाशा उघडला आणि मी दुपारपासून कुठे कुठे गेले तो सगळा रस्ताच त्यावर काढलेला. पोटात गोळाच आला एकदम. खाली 'आवाज वाजवा' असं बटण होतं, ते दाबलं तर पहिल्यांदा कनेक्टच होईना, नंतर फोन म्हणाला वाजवला पण मला काहीही ऐकू आलं नाही. पर्स, जॅकेटचे खिसे, लॅपटॉपची बॅग सगळं पलंगावर उपडं केलं, काही नाही. मग सेटिंगमधे जाऊन ब्लूटूथची यादी बघितली, त्यात माझे इअरबड आणि शेजारच्यांचा टीव्ही, बास.

हे खरं असतं का फोन उगाच घाबरवतो? आणि खरं असेल तर शोधायचं कसं?

चकवा

जास्त मनावर घेऊ नका. बसमधे किंवा लिफ्टमधे कुणाच्या तरी किल्लीला लावलेला टॅग फोननं पकडला असेल. हल्ली प्रत्येकाच्या किल्लीला काहीतरी लोंबत असतं.

खटपट्या

@चकवा, नकाशावर दुपारपासूनचा अख्खा रस्ता आलाय म्हणतायत त्या. बसमधल्या माणसाची किल्ली ऑफिसात, तिथून दुकानात आणि मग घरापर्यंत कशी येईल?

@गारवेल, एक एक करून सांगतो.

ब्लूटूथच्या यादीत एअरटॅग कधीच दिसणार नाही, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. ती यादी जोडता येतील अशा वस्तूंची असते, हेडफोन, स्पीकर वगैरे. टॅग नाव सांगत नाही आणि कुणाशी जोडूनही घेत नाही, तो नुसता फेरीवाल्यासारखा दर दोनेक सेकंदांनी हाळी देत राहतो. त्याच्यात जीपीएस नसतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जवळून जाणारा कुणाचाही आयफोन ती हाळी ऐकतो आणि स्वतःचं लोकेशन एन्क्रिप्ट करून अ‍ॅपलकडे पाठवतो, तिथून ते मालकाला दिसतं. ज्याचा आयफोन वापरला गेला त्याला याचा पत्ताही नसतो.

आता बसमधल्या किल्लीचं. टॅग आपल्या मालकाच्या फोनजवळ असतो तेव्हा तेही तो सिग्नलमधेच सांगत असतो, त्यामुळे शेजारी बसलेल्याचा टॅग तुमचा फोन सोडून देतो. मालकापासून लांब पडला की तो सिग्नल बदलतो, 'मी एकटा आहे' असा. शिवाय मालकाजवळ असताना टॅग आपला आयडी साधारण दर १५ मिनिटांनी बदलतो, का तर त्या आयडीवरून कुणी मालकाचाच माग काढू नये, पण एकटा पडल्यावर तो आयडी जवळपास दिवसभर तोच ठेवतो. हे मुद्दाम केलेलं आहे. तोच आयडी वेगवेगळ्या ठिकाणी तुमच्यासोबत दिसला की फोन समजतो, हा आपल्या मागे आहे. तेव्हा अशा अलर्टला उगाच आलेला समजू नका.

नोटिफिकेशन खरं का खोटं याची शंका असेल तर त्यावर टॅप न करता सेटिंगमधे सुरक्षा आणि आणीबाणी या भागात जा, तिथे अनोळखी ट्रॅकर अलर्ट असं काहीतरी नाव असेल (फोनच्या कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडे तिकडे), नाहीतर सेटिंगच्या वरच्या सर्चमधे ट्रॅकर टाइप करा. आत हातानं स्कॅन करायचं बटण पण आहे.

वाटसरू

माझ्याकडे जुना आयफोन आहे, मला असं कधी काहीच आलेलं नाही. म्हणजे मी सेफ ना?

खटपट्या

किती जुना त्यावर आहे. एअरटॅगचा अलर्ट यायला आयओएस (आयफोनची सिस्टिम) १४.५ किंवा पुढचं लागतं. आयफोन ६ असेल तर तो १२ वरच अडकलाय, त्याला हा प्रकारच माहीत नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या टॅगचे अलर्ट १७.५ पासून, ते मे २०२४ मधे आलं. शिवाय ब्लूटूथ, लोकेशन सर्व्हिसेस, फाइंड माय (अ‍ॅपलची हरवलेली वस्तू शोधायची सोय) आणि 'महत्त्वाची ठिकाणं' हे सगळं चालू लागतं, आणि नोटिफिकेशनमधे ट्रॅकिंगचे अलर्ट बंद केलेले नकोत. बॅटरी वाचवायला म्हणून लोक यातलं अर्धं बंद करून टाकतात आणि मग म्हणतात मला काही आलं नाही. अलर्ट आला नाही याचा अर्थ टॅग नाही असा होत नाही, इतकंच कळतं की फोनला ऐकू आला नाही.

अँड्रॉइडला ६.० पासून पुढे चालतं, पण ते गूगल प्ले सर्व्हिसेसमधून येतं, त्यामुळे ज्या फोनमधे गूगलच नाही त्यात अलर्ट नाही.

पोपटी

अँड्रॉइडवाल्यांना हे मिळायला किती वर्षं लागली ते पण सांगा की. एअरटॅग आला एप्रिल २०२१ ला. तेव्हा अँड्रॉइडवाल्याच्या बॅगेत टाकला तर त्याला कळायचा एकच मार्ग, टॅग स्वतः वाजेपर्यंत थांबायचं, आणि तो मालकापासून ३ दिवस लांब राहिल्यावर वाजायचा. ३ दिवस! आरडाओरडा झाल्यावर जूनमधे ते ८ ते २४ तासांच्या मधे कधीतरी असं केलं. डिसेंबरमधे अँड्रॉइडसाठी ट्रॅकर डिटेक्ट नावाचं अ‍ॅप काढलं, पण ते आपण उघडून स्कॅन केलं तरच बघणार. आता ज्याला संशयच नाही तो कशाला स्कॅन करेल? गूगलनं अँड्रॉइडमधेच आपोआप अलर्ट दिले ते जुलै २०२३ ला. म्हणजे वस्तू आधी विकली आणि कुलूप सव्वादोन वर्षांनी लावलं.

गारवेल

धन्यवाद खटपट्या. हातानं स्कॅन केलं, अजून दाखवतोय. म्हणजे घरातच कुठेतरी आहे. पण आवाज का येत नाहीये?

खटपट्या

दोन तीन कारणं असू शकतात. कपड्यात, फोममधे दाबलेला असला की आवाज फार बारीक येतो, पंखा टीव्ही बंद करून ऐका. दुसरं म्हणजे एअरटॅगचा स्पीकर काढून टाकता येतो आणि स्पीकर काढलेले टॅग २०२२ च्या सुरुवातीला ऑनलाइन विकायलाही आले होते, त्यावर बराच गदारोळ झाला होता. आवाज नाही म्हणून शोध सोडू नका.

आता असं करा. एअरगार्ड नावाचं अ‍ॅप घ्या, जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी केलंय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि एअरटॅगसोबत सॅमसंगचे स्मार्टटॅग, टाइल वगैरे पण ओळखतं. किंवा एनआरएफ कनेक्ट घ्या, ते इंजिनिअर लोकांचं आहे, दिसायला किचकट पण त्यात प्रत्येक सिग्नलपुढे तो किती जोरात येतोय याचा डीबीएममधे आकडा येतो. आकडा उणे असतो, शून्याकडे सरकला की जवळ. -९० च्या आसपास म्हणजे लांब किंवा भिंतीपलीकडे, -५० च्या आत आला म्हणजे हाताच्या अंतरावर.

आधी स्वतःचे इअरबड, घड्याळ बंद करा. बिल्डिंगमधे शेजाऱ्यांच्या वस्तूंची गर्दी फार होते म्हणून जमलं तर सामान घेऊन मोकळ्यावर जा, मैदान, गच्ची, पार्किंगचा रिकामा कोपरा, जिथे आसपास कुणी नाही. तिथे जो सिग्नल टिकून राहील तो तुमच्यासोबतचा. मग एकेक वस्तू वीस पंचवीस पावलं लांब नेऊन ठेवायची आणि आकडा बघायचा. जी वस्तू लांब नेल्यावर आकडा -९० कडे घसरतो ती धरायची. स्वतःच्या अंगावरही बघा, माणसाचं शरीर हा सिग्नल बराच खातं, त्यामुळे पाठीवरची बॅग पुढे धरली तरी आकडा बदलतो. घाई करू नका, आकडा तसाही सारखा खालीवर नाचतो, पाच दहा सेकंद बघून मग ठरवायचं.

रुईफूल

शोधा जरूर, पण सापडला की लगेच उपटून फेकू नका. हे आधी वाचा.

मी एका हेल्पलाइनवर काम करते, घरातल्या हिंसेतून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांसाठीची आहे. टॅगची बॅटरी काढली की समोरच्याला शेवटचं लोकेशन दिसून पुढे काहीच येत नाही, म्हणजे हिला कळलंय हे त्याला त्या क्षणी समजतं. साधा खोडसाळ माणूस असेल तर विषय संपतो. पण मारहाण करणारा, धमक्या देणारा असेल तर तीच वेळ सगळ्यात धोक्याची असते. तेव्हा आधी ठरवा की हे कोण करू शकतं, आणि त्याला कळलं तर तो काय करेल.

हात लावायच्या आधी अलर्टचा आणि नकाशाचा स्क्रीनशॉट, टॅग जिथे आहे तिथला फोटो, वेळ दिसेल असा. टॅगची पांढरी बाजू फोनच्या मागच्या बाजूला टेकवली की एक पान उघडतं, त्यात सीरियल नंबर येतो आणि मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे ४ आकडे. ते पण साठवून ठेवा. टॅग चालू करताना कुणाच्या तरी अकाउंटला जोडावाच लागतो, त्यामुळे पोलिसांनी रीतसर मागितलं तर त्या सीरियलवरून अ‍ॅपल अकाउंटची माहिती देऊ शकतं. टॅग फेकून दिला तर हा धागाच तुटला.

टॅग अंगावर असताना आईकडे, मैत्रिणीकडे, लपायच्या जागी जाऊ नका. गर्दीच्या जागी नाहीतर सरळ पोलीस स्टेशनला.

आणि एक, कदाचित सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींच्या बाबतीत टॅग निघतच नाही, फोनच सगळं सांगत असतो. गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग कुणाला चालू आहे बघा. तुमच्या गूगल अकाउंटमधे आणखी कुठल्या उपकरणावर लॉगिन आहे बघा, व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक केलेली उपकरणं' मधे अनोळखी कॉम्प्युटर आहे का बघा. नवऱ्याला पासवर्ड माहीत असेल तर हे सगळं शोधायला दुसऱ्याचा फोन वापरा.

वाटसरू

बाप रे. पण घरातल्याच माणसानं टॅग ठेवला तरी अलर्ट येईलच ना?

रुईफूल

नाही ना, तिथेच तर गोची आहे. खटपट्यांनी वर सांगितलंय तसं, टॅग मालकापासून लांब पडला तरच फोन त्याला धरतो. नवरा सकाळी त्याच घरात, संध्याकाळी त्याच घरात. मधे बाई चार ठिकाणी गेली तर अलर्ट येईलही, पण नुसती जवळच्या जवळ जाऊन आली तर कदाचित येणारच नाही, आणि टॅग स्वतः वाजायला तर ८ तास तरी सुटा लागतो, तेवढ्यात मालक परत भेटतो. ज्यांना खरी गरज तिथेच ही सोय लंगडी. अशा वेळी नवरा बाहेर असताना, आपण घरापासून लांब गेल्यावर हातानं स्कॅन करायचं.

आणि घरात कुणी विचारलंच तर "अगं ती माझी किल्ली होती, चुकून राहिली" हे उत्तर तयार असतं. किल्ली चुकून राहते, शिवलेला टॅग चुकून शिवला जात नाही.

गारवेल

सापडला.

गच्चीवर गेले, एनआरएफवाल्या अ‍ॅपमधे एकच आकडा टिकून होता, -६० च्या आसपास. पर्स लांब ठेवली, फरक नाही. जॅकेट, फरक नाही. लॅपटॉपची बॅग पाण्याच्या टाकीमागे ठेवून आले तर -८५. परत आणली आणि फोन बॅगेवरून फिरवत बसले, वरच्या पट्ट्याच्या खांद्यावरच्या जाड भागाशी -४२. तिथली शिवण बघितली तर बाकी बॅगेचा दोरा करडा आणि तेवढ्या दोन इंचात काळा. बोटानं दाबलं तर फोममधे गोल कडक लागतंय. तिथे कान लावून आवाज वाजवला तेव्हा कुठे बारीक टिवटिव ऐकू आली.

रुईफूल, तुमचं वाचलं म्हणून उसवलं नाही आधी. फोटो काढले. मग चार टाके सोडून टॅग अर्धा बाहेर काढला, फोन टेकवला, पान उघडलं. शेवटचे ४ आकडे मला ओळखीचे आहेत. कुणाचे ते इथे लिहीत नाही. टॅग परत आत सरकवून ठेवलाय, बॅग घरीच. भावाला बोलावलंय.

रुईफूल

बरोबर केलंत. आकडे, नाव, नातं काहीच इथे लिहू नका, तो माणूस हा धागा वाचत असू शकतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चकवा

काळजी घ्या गारवेल. पोलिसांत जाताना भाऊ बरोबर असू दे.

धाग्याला थोडी दुसरी बाजू म्हणून लिहितो. माझ्या सायकलला सीटखाली टॅग होता. सायकल चोरीला गेली, दोनेक तास नकाशावर फिरताना दिसली, मग एका जागी थांबली ती थांबलीच. गेलो तर तिथे गटाराच्या कडेला नुसता टॅग. चोराला त्याच्याच फोननं सांगितलं असणार, बाबा रे तुझ्यामागे कुणीतरी आहे. म्हणजे ही सोय चोरांनाही तेवढीच उपयोगी. मालकाच्या बाजूनं कुणी विचार करणार का?

पोपटी

केलाय की. टाइलनं फेब्रुवारी २०२३ मधे अँटी-थेफ्ट मोड काढला. तो चालू केला की टाइलच्याच अ‍ॅपमधलं जे स्कॅन आहे त्यात ते टाइल दिसत नाही. त्यासाठी सरकारी ओळखपत्र द्यायचं, चेहऱ्याची पडताळणी करायची आणि लिहून द्यायचं की याच्यानं कुणाचा पाठलाग केल्याचं कोर्टात सिद्ध झालं तर १० लाख डॉलर दंड भरीन. ऐकायला भारी. पण पाठलाग होतोय हे जिला स्कॅन करून कळणारच नाही ती कोर्टात जाणार कशी? मला ते पटलेलं नाही. सायकल गेली तर सायकल गेली, वाईट वाटतं, पण दोन्ही एका तराजूत नाही बसत.

चकवा

एका तराजूत बसतात असं मी म्हणतच नाहीये. चोराला तासाभरात कळवायची काय घाई, एवढंच.

खटपट्या

फोनला कळायला नको का की टॅग चोराच्या हातात आहे का बाईच्या पर्समधे? सिग्नल दोन्हीकडे सारखाच. उशिरा सांगितलं तर चोर सापडेल पण ती बाई तोवर घरी पोचलेली असेल आणि घर कुठे ते समोरच्याला कळलेलं असेल. कंपन्यांनी यात पाठलागाच्या बाजूनं निर्णय घेतलाय आणि मला तो योग्य वाटतो. मे २०२३ मधे अ‍ॅपल आणि गूगलनं मिळून एक मसुदा केला, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफकडे दिला, सॅमसंग, टाइल, चिपोलो, युफी, पेबलबी यांनी पाठिंबा दिला. कुठल्याही कंपनीचा टॅग असो, कुठल्याही फोनला कळला पाहिजे, असं. मे २०२४ मधे दोन्हीकडे ते चालू झालं, नंतरच्या यादीत जिओ आणि मोटोरोलाचे टॅगही होते. चोरी पकडायची तर टॅगवर भिस्त ठेवूच नका, अ‍ॅपल स्वतःच म्हणतं की तो वस्तू हरवल्या तर शोधायला आहे.

पण हे सगळं जो नियमानं चालतो त्याच्यासाठी. २०२२ मधे बर्लिनच्या एका सुरक्षा संशोधकानं स्वस्तातल्या चिपवर घरगुती टॅग करून दाखवला होता, तो दर हाळीला नवीन आयडी वापरायचा, असे दोन हजार आयडी भरून ठेवलेले. फोनला वाटतं दरवेळी वेगळाच टॅग आहे, अलर्ट काही येत नाही. असलं करणारे थोडेच, पण आहेत.

मृगजळ_

मला दोनदा अलर्ट आला आणि दोन्ही वेळा बहिणीचे एअरपॉड निघाले, माझ्या गाडीत राहिलेले. त्यामुळे अलर्ट आला की लगेच कुणावर आळ घेऊ नका, आधी वस्तू कुठली म्हणतोय ते नीट वाचा. घरातलीच किल्ली रोज आलटून पालटून वापरत असाल तर आयफोनवाल्यांना आयओएस १७ पासून एक टॅग आणखी ५ जणांबरोबर शेअर करता येतो, मग अलर्टची कटकट नाही.

बॅटरी काढायची वेळ आलीच तर स्टीलच्या बाजूवर दोन अंगठे दाबून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचं, झाकण निघतं, आत सीआर२०३२ नाणं असतं. माझ्याच टॅगमधे नवीन सेल घातला तर टॅग चालूच होईना, मग कळलं की पोरांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप देतात आणि त्यानं संपर्क नीट होत नाही. हे आपलं जाता जाता.

वाटसरू

आणि गाडीला जो सिमकार्डवाला जीपीएस लावतात तो पण हीच अ‍ॅप पकडतील ना?

खटपट्या

नाही. तो ब्लूटूथवर बोलतच नाही, तो उपग्रहावरून जागा काढतो आणि मोबाइलच्या नेटवर्कनं पाठवतो, तुमच्या फोनच्या दृष्टीनं तो अस्तित्वातच नाही. स्वस्तातले जे डिटेक्टर मिळतात, काठीसारखे, ते टॉवर, वायफाय, स्वतःचा फोन सगळ्यालाच टीं टीं करतात आणि हे जीपीएसवाले सतत पाठवतही नाहीत, अधूनमधून पाठवून झोपतात. त्यामुळे हातात टॉर्च घेऊन बघणं हाच उपाय. चाकांच्या वरच्या पोकळीत, बंपरच्या आतून, सीटखाली, डिकीत स्टेपनीच्या खाचेत. लोहचुंबकाची काळी डबी असते बऱ्याचदा. दुचाकीला सीट उघडून बॅटरीच्या वायरवरून कुठे जास्तीची वायर निघालीय का ते बघा.

वाटसरू

चारचाकीला ओबीडी पोर्ट म्हणतात, गाडीची तपासणी करायचं सॉकेट, ते कुठे असतं? तिथेही ट्रॅकर खोचतात म्हणे.

मृगजळ_

ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, स्टिअरिंगच्या डाव्या उजव्या बाजूला कुठेतरी. सोळा पिनांचं चपटं सॉकेट, वाकून बघावं लागतं. तिथे काही खोचलेलं असेल तर आधी आठवा, विम्यासाठी किंवा गाडीच्या लोनसाठी कुणी लावून दिलं होतं का, तसं नसेल तर फोटो काढून मगच हात लावा. मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवली की त्यालाच खालून बघायला सांगा, तो दोन मिनिटांत सांगतो कंपनीचं काय आणि बाहेरून लावलेलं काय.